वरचा एक डॉलर

जूनचा पहिला रविवार, संध्याकाळचे सहा. रक्कम पाचशे एक डॉलर, पांढऱ्या पाकिटात, पाकिटाच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट. हजर: मी, माझी धाकटी बहीण वैशाली, तिचे यजमान लेफ्टनंट कर्नल अभिजित, त्यांची अकरा वर्षांची मुलगी ईरा, आणि ज्यांच्या पोर्चवर हे घडलं ते डॉन आणि कॅरोल, दोघंही पंचाहत्तरीचे. स्थळ: अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात मिसुरी नदीच्या काठचं एक छावणीचं गाव. एवढं आधीच लिहून टाकतो, कारण पुढच्या दहा-बारा दिवसांत जे झालं त्याचं खापर सगळ्यांनी माझ्या एकट्यावर फोडलं, आणि माझी बाजू शेवटपर्यंत ऐकून घ्यायला कुणालाही सवड झाली नाही.

मी नाशिकचा. आमच्या सोसायटीचा बरीच वर्षं खजिनदार आहे. टँकरचे पैसे असोत की गणपतीची वर्गणी, माझ्याकडे रुपया इकडचा तिकडे होत नाही. ही फुशारकी नाही, स्वभाव आहे, आणि त्याचा मला त्रासच जास्त झालेला आहे.

अभिजितरावांना सैन्याने वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी तिकडे पाठवलं होतं. निरनिराळ्या देशांचे अधिकारी तिथे बायकामुलांसह येतात. गावातली काही कुटुंबं आपणहून पुढे येऊन एकेक परदेशी घर वाटून घेतात. विमानतळावर घ्यायला जाणं, शाळा दाखवणं, थंडीचे कोट देणं, सगळं तेच करतात. यांना म्हणतात 'स्पॉन्सर'. शब्दावरून मला वाटलं होतं, सरकार त्यांना काहीतरी देत असेल. अभिजितरावांना विचारलं.

"छे हो दादा. एक पैसा नाही."

"मग करतात कशाला?"

"आवडतं त्यांना."

हे उत्तर मला पहिल्या दिवशीच खटकलं होतं.

किंमत आणि किंमत

मी गेलो तो शेवटच्या तीन आठवड्यांसाठी, बांधाबांधीला हात लावायला आणि जमलं तर अमेरिका बघायला. अमेरिका अशी: गाव पसरलेलं, रस्ते रुंद, पण पायी चालणाऱ्याला रस्त्याच्या कडेला जागाच नाही. मी सकाळी फिरायला निघालो की निदान एक गाडी थांबणार आणि काच खाली करून बाई विचारणार, "सगळं ठीक आहे ना?" ठीक नसायला काय झालं? माणूस चालतोय! गावाबाहेर पाच मिनिटं गेलं की गव्हाची शेतं लागतात. जूनमध्ये ती पिवळी होऊन उभी असतात आणि मैल न् मैल एक माणूस दिसत नाही. हे मात्र पाहण्यासारखं आहे. संध्याकाळी अंगणाच्या गवतातून काजवे वर येतात. ईरा ते बरणीत धरायची आणि झोपायच्या आधी सोडून द्यायची.

पण दुकानात गेलो की माझं डोकं फिरायचं. वस्तूवर जी किंमत लिहिलेली असते ती तिची किंमत नसते. गल्ल्यावर गेल्यावर कर वेगळा लागतो. मी हातात मोजून नाणी घेऊन उभा, आणि ती मुलगी वेगळाच आकडा सांगते. "मग तो आधीच का लिहीत नाही?" मी विचारलं. ती म्हणाली, "आय नो, राइट?" हे काय उत्तर झालं?

पहिल्या आठवड्यात डॉन आणि कॅरोल आम्हाला जेवायला घेऊन गेले. डॉन सैन्यातून निवृत्त, उंच, कमी बोलणारा. कॅरोल ठेंगणी, पांढरे आखूड केस, हातात सतत काहीतरी काम. जेवण झाल्यावर वाढणाऱ्या मुलीने विचारलं, "बिल एकत्र की वेगवेगळं?" आणि डॉन सहज म्हणाला, "वेगवेगळं." आपल्याकडे या क्षणाला दोन माणसं वेटरच्या हातातून बिल ओढतात, एक जण खोटं रागावतो. इथे आमच्यापुढे आमचं बिल आलं, त्यांच्यापुढे त्यांचं. ईराने डॉनच्या ताटातले बटाट्याचे काप खाल्ले होते, ते डॉनच्याच बिलात राहिले, एवढीच काय ती सूट.

त्याच शनिवारी कॅरोलने आपल्या गॅरेजमध्ये जुन्या सामानाची विक्री मांडली. कप, दिवे, डॉनचे बूट, प्रत्येकावर किमतीची चिकटपट्टी. शेजारची बाई आली. दोघींची तीस वर्षांची ओळख, एकमेकींच्या मुलांच्या लग्नात गेलेल्या. तिने एक कप घेतला. पन्नास सेंट. दोन नाणी दिली, कॅरोलने ती डब्यात टाकली, आणि दोघी पुन्हा गुडघेदुखीवर बोलायला लागल्या.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. जी बाई तीस वर्षांच्या शेजारणीकडून पन्नास सेंट घेते, तिला पैशांचं वावडं नाही, असा निष्कर्ष मी काढला. तो चुकीचा कसा, हे मला आजही तर्काने कुणी पटवून दिलेलं नाही.

पोर्चवर

आता पाचशे एक कशासाठी, ते सांगतो. फेब्रुवारीत वैशालीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. अभिजितराव तेव्हा अभ्यासदौऱ्यावर दुसऱ्या राज्यात, आणि बर्फाने विमानं बंद. कॅरोलने तिला हॉस्पिटलात नेलं, रात्री उशाशी बसली, ईराला आपल्या घरी ठेवलं. ईरा दुसरं काही खाईना, तर कॅरोल मोबाईलवर बघून वरण शिकली. त्याला ती 'यलो सूप' म्हणते. हिंग मिळाला नाही म्हणून लसणाची पूड घातली. ईरा म्हणते बरं होतं. पुढे वैशाली घरी आल्यावरही कॅरोल आठवडाभर रोज येऊन झाडलोट करून गेली.

आजारपणात हे सगळं माहेरच्यांनी करायचं असतं. आमचे आईवडील गेले, आता माहेर म्हणजे मी. आणि मी तेव्हा काय करत होतो? नाशिकमध्ये बसून फोन करत होतो. हे मला चार महिने टोचत होतं. त्यामुळे निघताना कॅरोलसाठी पैठणीच्या काठाचा स्टोल घेतला, आणि पाकीट केलं. वैशालीला सांगितलं नाही. माहेरचा आहेर मुलीला विचारून करत नाहीत.

स्टोल कॅरोलला फार आवडला. लगेच गळ्यात घातला, डॉनला दाखवला, आतल्या आरशात पाहून आली. तोवर सगळं छान चाललं होतं. मग मी उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं.

आपल्याकडे पाकीट देणाऱ्यासमोर कुणी फोडत नाही. घेतात, "अहो कशाला" म्हणतात, आणि उशीखाली ठेवतात. तिकडे मिळालेली वस्तू तिथल्या तिथे उघडायची रीत आहे. कॅरोलने उघडलं. आत बघितलं. मग डॉनकडे दिलं, आणि डॉनने शांतपणे मोजलं.

"पाचशे," तो म्हणाला. "आणि एक." त्याने एकाची नोट उजेडात धरली. "हा एक कशाचा?"

मला इंग्रजी येतं, पण ते बँकेचं आणि पत्रव्यवहाराचं. आहेरावरचा एक इंग्रजीत कसा सांगायचा? मी "आमची पद्धत" एवढंच म्हणालो आणि शब्द शोधायला लागलो. तेवढ्यात ईरा मदतीला धावली.

"इट्स लाइक अ टिप, मिस कॅरोल."

कॅरोलचं हसू होतं तसंच राहिलं, पण त्यामागचा माणूस उठून गेला. "दॅट्स व्हेरी काइंड," ती म्हणाली. आइस टी आणायला आत गेली. आणून ओतला, आणि पुन्हा खुर्चीत बसली नाही. आम्ही निघालो तेव्हा म्हणाली, "गाडी जपून चालवा हं." आम्ही दोन गल्ल्यांवर राहत होतो आणि चालत आलो होतो.

घरी आल्यावर वैशालीने चपला काढायच्या आधीच सुरुवात केली.

"दादा, कुणी सांगितलं होतं तुला?"

"तू माझी बहीण. मी आहेर करायचा नाही?"

"तू तिला कामवाली करून टाकलंस!"

"कामवालीला पाचशे डॉलर कोण देतं?"

"हेच! हेच ते!" ती म्हणाली आणि आत गेली. हेच म्हणजे काय, हे मला कुणी सांगेना. अभिजितराव म्हणाले, "दादा, निदान माझ्या कानावर घालायचं होतंत." ईरा म्हणाली, "मामा, यू मेड इट वीअर्ड." टिप म्हणणारी ती, आणि वीअर्ड मी!

नाशिकला बायकोला फोन केला. ती म्हणाली, "स्टोलवर थांबला असतात तर?" फोन ठेवला.

डबा परत आला

इथे वर्षभर एक प्रकार चालू होता. वैशालीने पहिल्या महिन्यात कॅरोलला स्टीलच्या डब्यातून चिवडा दिला होता. डब्यावर आपल्या रिवाजाप्रमाणे नाव कोरलेलं, 'सौ. वैशाली'. कॅरोलने डबा धुऊन परत आणला, तेव्हा वैशालीने तिला हसत सांगितलं, की आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. कॅरोलला ही गोष्ट इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी तिने डबा पुन्हा मागून नेला आणि बिस्किटं भरून आणला. तिच्याकडे काचेचं एक चौकोनी भांडं आहे, बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर पेनाने 'कॅरोल'. त्या गावात सगळ्या बायका आपल्या भांड्यांना अशी पट्टी लावतात. मला हे एकच तिथलं नीट समजलं. तर हा डबा आणि ते भांडं वर्षभर दोन गल्ल्यांमधून हिंडत होती. शंकरपाळे जायचे, मक्याचा ब्रेड यायचा. थांबवायचं कसं, कुणालाच ठाऊक नव्हतं. पाहुणा म्हणून मीही दोनदा हमाली केली.

बुधवारी सकाळी डबा दारात ठेवलेला होता. बेल न वाजवता. वैशालीने उघडला. आत पाकीट.

मी पैसे मोजले. पाचशे एक, बरोबर. मी मोजत असताना वैशालीने माझ्याकडे कसं पाहिलं, ते लिहीत नाही.

"रिकामा द्यायचा नाही, हे मीच शिकवलं तिला," ती म्हणाली आणि बांधलेल्या खोक्यावर बसली.

आमचं विमान पुढच्या गुरुवारी होतं. कॅरोल आपल्याकडच्या प्रत्येक कुटुंबाला स्वतः गाडीने विमानतळावर सोडते, हा तिचा नेम. त्या संध्याकाळी वैशालीने विमानतळासाठी भाड्याची व्हॅन बुक केली.

"कॅरोलला विचार तरी," अभिजितराव म्हणाले.

"तिने बोलावलं तर मी धावत जाईन. पण ती आता फक्त व्हेरी काइंड म्हणेल. मला ते ऐकायचं नाहीये."

व्हॅन म्हणजे एकशे चाळीस डॉलर. तेही माझ्या मनात लिहिलं गेलं. पण खरी गोष्ट वेगळी होती. कॅरोल या वयात नाशिकला येणार नव्हती, आणि लष्करातला माणूस कॅन्ससला दुसऱ्यांदा जात नाही. या आठ दिवसांत दोघी बोलल्या नाहीत, तर संपलं. वैशाली ते जाणून होती. रोज स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून रस्त्याकडे बघायची आणि म्हणायची, हवा बघतेय.

भोंगा

शुक्रवारी मी घरात एकटा होतो. आकाश स्वच्छ. अचानक सगळ्या गावावर भोंगा सुरू झाला. वर चढतो, खाली येतो, थांबतच नाही. कॅन्ससमध्ये चक्रीवादळं घरंच्या घरं उचलून नेतात, हे मी ऐकून होतो. पासपोर्टांची पिशवी छातीशी धरली आणि तळघरात पळालो. जिन्यात पायरी चुकली, गुडघा खरचटला.

तळघरात अंधारात बसलो. डोळे सरावल्यावर भोवती काय आहे ते दिसलं. बर्फ उपसायची दोन फावडी. ईराची घसरगाडी. तिघांचे जाड कोट, बूट, टोप्या. टेबलफॅन. ईराच्या अभ्यासाचं टेबल. सगळ्यावर ती चिकटपट्टी: कॅरोल, कॅरोल, कॅरोल. खजिनदाराची सवय, मनात बेरीज सुरू झाली. फावड्याचं भाडं महिना किती, कोट तीन. मग मधेच मला कंटाळा आला. असा कंटाळा मला बेरजेचा कधी आलेला नाही.

वर आलो तर अभिजितराव दारात. "दादा, तळघरात काय करताय?"

"वादळ!"

"अहो, चाचणी असते ती. महिन्यातून एकदा वाजवतात. कॅरोल आदल्या दिवशी फोन करून आठवण करून देते, पाहुण्यांना सांगा म्हणून सांगते." मग ते थांबले. "म्हणजे, एरवी सांगते."

चेरी

शनिवारी सकाळी डॉन पिकअप घेऊन दारात. टोपी हातात.

"चेरी पिकल्यात," तो म्हणाला. "पक्षी खाऊन टाकतायत. दरवर्षी आमच्याकडे जे कुटुंब असतं ते चेरी तोडायला येतं. उंच माणूस हवाय."

माझी उंची पाच फूट चार इंच. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शिडी आहे," तो म्हणाला.

वैशाली दारात आली. "मला बोलावलंय?"

डॉन टोपी फिरवत राहिला. "मी चेरीसाठी आलोय," तो म्हणाला. वैशाली आत गेली. मी गेलो.

झाड अंगणाच्या मागे, फार मोठं नाही, पण लाल भडक. ही चेरी आपल्या केकवरची नव्हे. आंबट, मऊ, दाबली की फुटते. डॉनने माझ्या कमरेला पट्ट्याने बादली बांधली आणि शिडीवर चढवलं. सकाळपासून ऊन आणि घाम. तोंडासमोर माश्या. एक पक्षी माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसून निवांत खात होता, हाकललं तरी जाईना. माझा पांढरा सदरा संपला. दुपारपर्यंत सहा बादल्या झाल्या. कॅरोल पोर्चवर बसून बिया काढत होती, आणि मला पाण्याचा ग्लास देण्यापलीकडे काहीही बोलली नव्हती.

डॉन म्हणाला, "आता बसा तिच्यापाशी. दोघांनी केलं तर आज होईल." आणि स्वतः गवत कापायला निघून गेला. मला वाटतं, त्या दिवशी गवत कापण्याजोगं नव्हतं.

बिया केसांच्या पिनेने काढतात. देठाच्या बाजूने पीन खुपसायची, वळवायची, बी बाहेर. तिच्या पाच होतात तोवर माझी एक, तीही चिरडलेली.

शेवटी मी म्हणालो, "चूक झाली." मला ते पटलं नव्हतं, पण आणखी किती वेळ नुसत्या बिया काढणार?

"तुम्हाला एक सांगते," कॅरोल म्हणाली. पीन थांबली नाही. "आम्ही जर्मनीत होतो. डॉन तिथल्या छावणीत. मी बावीस वर्षांची, हातात तान्हं मूल, भाषा येत नाही. एका बाईच्या घरात वरच्या दोन खोल्या. फ्राउ ब्रँट. तिने आम्हाला काही कमी पडू दिलं नाही. पण अंडं दिलं, अंड्याचे पैसे. बाळासाठी पाणी गरम केलं, त्याच्या कोळशाचे पैसे. दर शुक्रवारी जिन्याखाली उभी राहून सांगायची, किती झाले."

"लुबाडायची?"

"छे. चोख होती. एक पैसा जास्त घेतला नाही कधी."

मला ती बाई आवडली.

"तीन वर्षं राहिलो. निघायच्या दिवशी शेवटचे पैसे दिले. तिने मोजले, किल्ली घेतली आणि दार लावलं. बाळ तिच्या जिन्यावर चालायला शिकलं होतं. तिला त्याचं नाव ठाऊक होतं की नाही, मला आजही माहीत नाही." तिने मूठभर बिया अंगणात फेकल्या. "तेव्हा ठरवलं. कधी माझ्या दारी असं घर आलं, तर त्या घरातल्या बाईला माझ्या तोंडून आकडा ऐकू येणार नाही. कितीतरी घरं झाली. आणि तुम्ही माझ्याच पोर्चवर बसून मला फ्राउ ब्रँट केलंत."

पण एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवेना.

"तुम्ही शेजारणीकडून पन्नास सेंट घेतलेत. मी पाहिलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकदम हसली, सहा दिवसांत पहिल्यांदा. "तो कप होता!" ती म्हणाली. "कप विकायला होता."

"मग फरक कसा कळायचा?"

"देवा," ती म्हणाली, "तुम्ही फार दमवता हो माणसाला." हे मला माझी बायकोही म्हणते.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "आणि तो एक? टिप?"

"टिप नाही!" मी पीन खाली ठेवली. शिडीवर मला सगळे शब्द सापडले होते. "आम्ही शेवटी शून्य असलेली रक्कम कधी देत नाही. पाचशे दिले म्हणजे संपलं. वर एक ठेवतो, म्हणजे अजून संपलेलं नाही. पुढे चालू राहणार आहे. लग्नात, मुंजीत, सगळीकडे. एकाशिवाय दिलं तर लोक नावं ठेवतात."

तिने दोन-तीन चेरी काढल्या. विचार करत होती.

"म्हणजे एक कशासाठी, तर हे संपू नये म्हणून."

"बरोबर."

"मग पाचशे कशाला आणलेत?"

याचं उत्तर मी अजून शोधतोय. परतीच्या विमानात चौदा तास होते, तरी सापडलं नाही. मी पुढची चेरी घेतली, आणि पीन बोटात घुसवली.

निघताना तिने काचेचं भांडं साफ केलेल्या चेरींनी भरून माझ्या हातात दिलं. "व्हॅन किती वाजता आहे?" तिने विचारलं. ईराने सांगितलं असणार. मी सांगितलं, दहा.

गुरुवार

वैशालीने भांड्याच्या बुडाची पट्टी बोटाने चाचपली. "काय म्हणाली?"

"व्हॅन किती वाजता ते विचारलं."

"आणि?"

"आणि काही नाही."

"दादा, तू इतके तास तिथे बसलास आणि तुला एवढंच कळलं?"

मी जर्मनीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चेरींचा साखरांबा केला आणि त्याच भांड्यात भरून ठेवला. पण घेऊन गेली नाही. म्हणाली, कॅरोल माझ्याशी बोललेली नाही, तुझ्याशी बोललीय. रविवार गेला, सोमवार, मंगळवार, बुधवार. साखरांबा ओट्यावर. दोन गल्ल्या, दोन बायका, आणि मधे मी रोज फिरायला जाणारा, माझ्यासाठी गाड्या थांबणाऱ्या. कुणाचंही डोकं उठेल.

गुरुवारी सकाळी सामान दारात. प्रत्येकी तेवीस किलोच्या दोन बॅगा, आठ बॅगा मी स्वतः काट्यावर तोलून बंद केल्या होत्या. साडेनऊला वळणावर गाडी दिसली. व्हॅन नव्हे. पुढे कॅरोलची गाडी, मागे डॉनचा पिकअप. कॅरोल उतरली. जूनच्या त्या उकाड्यात गळ्यात पैठणीचा स्टोल.

"व्हॅन कॅन्सल करा," ती अभिजितरावांना म्हणाली. "माझ्या घरची माणसं मी सोडते."

वैशाली पायरीवर उभी होती. कॅरोल पुढे आली, मग वैशाली, आणि दोघी रस्त्याच्या मधोमध एकमेकींना धरून रडायला लागल्या. डॉन आणि अभिजितराव घाईघाईने बॅगा चढवायला लागले. शेजारच्या अंगणातली तुषारांची नळी माझ्या पँटवर पाणी उडवत होती. कुणी बघेना.

मग वैशालीने भांडं दिलं, साखरांब्याने भरलेलं. कॅरोलने झाकण उघडून वास घेतला. डोळे पुसत म्हणाली, "हे माझं आलं. तुझा डबा कुठे आहे?"

डबा चौथ्या बॅगेत, तळाला. "राहू दे," मी म्हणालो, "तोललंय सगळं." वैशालीने माझ्याकडे न बघता ती बॅग फुटपाथ नसलेल्या त्या रस्त्यावर आडवी घातली, सगळे कपडे बाहेर काढले आणि डबा कॅरोलच्या हातात दिला. मग तिचा हात मधेच थांबला. "रिकामा आहे गं," ती म्हणाली.

कॅरोल माझ्याकडे वळली. हात पुढे केला.

"त्या पाकिटातला एक आहे का?"

होता. खिशातच होता, पाकिटासकट, कारण त्याचं काय करायचं ते मला ठरवता आलं नव्हतं. मी एकाची नोट काढून दिली. तिने ती घडी करून डब्यात टाकली, 'सौ. वैशाली'वर झाकण दाबलं, आणि डबा गाडीत पुढच्या सीटवर, स्वतःशेजारी ठेवला. त्यामुळे ती जागा गेली आणि मला विमानतळापर्यंत मागे, ईराच्या आणि दोन पिशव्यांच्या मधे बसावं लागलं.

पाचशे डॉलर नाशिकला आल्यावर बँकेत परत दिले. घेतले त्यापेक्षा कमी भाव मिळाला, तोटा माझा. व्हॅनवाल्याने आयत्या वेळी कॅन्सल केल्याचे पस्तीस डॉलर घेतले, ते मीच भरले, त्याची पावती आहे.

कॅरोलला दिले: एक डॉलर. त्याची पावती नाही, मी मागितलीही नाही.